लो-पास लावला म्हणजे सबवूफर झाला?

घरात पडलेला कुठलाही स्पीकर घ्यायचा, तारेत एक लो-पास फिल्टर टाकायचा, की झाला सबवूफर! आपल्या छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य इतक्या लोकांच्या तोंडून आणि इतक्या ठामपणे निघतं, की ते खोटं आहे म्हणणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. दुकानाच्या काउंटरवर हेच ऐकायला मिळतं. मंडळाचा साऊंडवाला हेच सांगतो. वाळूजची शिफ्ट संपवून रात्री हौसेने अ‍ॅम्प जोडत बसणारा तरुणही हेच सांगतो. कहर म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगाही हेच म्हणतो, आणि त्याला परीक्षेत फिल्टरची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण पडलेले असतात.

हे शहर इलेक्ट्रॉनिक्सला नवखं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून चालू आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बनलेले व्हिडिओकॉनचे टीव्ही देशभर गेले. विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची नाइलिट ही संस्था इलेक्ट्रॉनिक्सचं डिझाइन शिकवते. एवढं असूनही बेसचा विषय निघाला, की आपण जत्रेत गंडे-दोरे विकत घेणाऱ्यासारखे वागतो. कुणी म्हणालं "ही कॉइल लाव", की लावली.

प्रतिपक्षावर अन्याय नको, म्हणून त्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत मांडतो. एक: फिल्टर वरचा आवाज कापतो, मग खाली उरतो तो बेसच. दोन: फिल्टर म्हणजे एक कॉइल, फार तर जोडीला एक कंडेन्सर, स्पीकरच्या तारेत घातला की विषय संपला. तीन: कट-ऑफचं बटण जितकं वर, तितका बेस जास्त. चार: बारा डीबी, चोवीस डीबी ही पुस्तकातली भाषा, कानाला त्यातलं काही कळत नाही. पाच: कानाला बरं वाटलं ना, मग मोजायचं कशाला? आणि सहा: नुसत्या बेसचा कुणाला कसला त्रास?

सहाही विधानं एका दमात म्हटली, की मोठं अनुभवाचं शहाणपण वाटतं. आता एकेक उलगडून बघू.

पहिलं विधान सगळ्यांत लाडकं आणि सगळ्यांत पोकळ आहे. लो-पास फिल्टर वजाबाकी करतो. बेरीज त्याला येत नाही. ८० हर्ट्झचा फिल्टर ८० च्या वरचं कमी करतो आणि खालचं जसं आहे तसं पुढे सोडतो. खाली मुळातच काही नसेल तर तो सोडणार काय? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आडात काय आहे, हे स्पीकर ठरवतो. प्रत्येक स्पीकरचा कोन एका ठरावीक वारंवारतेला आपणहून सर्वांत जास्त डोलतो. तिला एफएस म्हणतात. तिच्या खाली गेलं की स्पीकरचा आवाज झपाट्याने उतरतो; बंद खोक्यात दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने. आता समजा, जुन्या म्युझिक सिस्टिममधला ६ इंची स्पीकर आहे, त्याचा एफएस ९० हर्ट्झ आहे. लहानशा बंद खोक्यात बसवला की आतली हवा स्प्रिंगसारखी विरोध करते आणि हा आकडा १२० पर्यंत चढतो. त्यावर आमचे मित्र ८० हर्ट्झचा लो-पास लावतात. काय झालं? जिथे स्पीकरला आवाज आहे तिथे फिल्टरची बंदी, आणि जिथे फिल्टरची परवानगी आहे तिथे स्पीकरला आवाजच नाही. दोघांची गाठच पडत नाही. मग "बेस कमी येतोय" म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा! हाच स्पीकर ४० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलने खाली असतो. ती तूट पॉवरने भरून काढायची तर सुमारे ८० पट पॉवर लागते. जिथे १० वॅट पुरत होते तिथे ८०० वॅट. बिचाऱ्या ६ इंची स्पीकरची व्हॉइस कॉइल त्याआधीच जळून मोकळी होईल.

ती जळाली नाही तरी कोनाला तेवढी हालचाल झेपत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट मागेपुढे जावं लागतं. ८० हर्ट्झला जो कोन १ मिलिमीटर हलतो, त्याला ४० ला ४ आणि २० ला १६ मिलिमीटर हलावं लागेल. १२ इंची कोनाचं क्षेत्रफळ ६ इंचीच्या जवळपास चौपट असतं, म्हणून त्याचं कमी हालचालीत भागतं. सबवूफरचा कोन मोठा, रबरी कड जाड आणि मागचं चुंबक वजनदार असतं ते याच कारणाने, शोभेसाठी नव्हे. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने स्पीकर आणि खोकं यांचं नातं १९६१ मध्ये गणितात मांडलं. पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं. तेव्हापासून स्पीकरचा एफएस, त्याचा क्यूटीएस (कोन किती लवकर थांबतो याचं माप) आणि त्याला जुळणारं हवेचं आकारमान, या तीन आकड्यांवरून खोकं ठरतं. साठ वर्षं उलटली, आणि आमच्या काउंटरवर अजून एकच आकडा चालतो: वॅट. तोही पीएमपीओ! खोक्यावर हजारोंनी वॅट छापलेले आणि आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा.

आता दुसरं विधान, कॉइलचं. इथे थोडा हिशेब लागेल, पण तो सातवीच्या पोराला जमेल असा आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ८० हर्ट्झवर सर्वांत साध्या, म्हणजे दर सप्तकाला ६ डीबी उतरणाऱ्या, फिल्टरने कापायचं तर कॉइल लागते १६ मिलिहेन्रीची. १२ डीबीचा बटरवर्थ फिल्टर हवा असेल, तर कॉइल साडेबावीस मिलिहेन्रीची आणि सोबत सुमारे १७५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, तोही नॉन-पोलर. दुकानातला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे लावला तर तो फुगून फुटायचीच शक्यता जास्त.

१६ मिलिहेन्री कागदावर निरुपद्रवी वाटतात. ती कॉइल खरोखर गुंडाळायला बसा. तिचा स्वतःचा रोध स्पीकरच्या एक दशांशात, म्हणजे ०.८ ओहममध्ये ठेवायचा, तर हवेच्या गाभ्यावर दोन मिलिमीटरहून जरा जास्त जाडीची तांब्याची तार दीडशे मीटरहून जास्त लागते. वजन भरतं सुमारे ५ किलो. पाच किलो तांबं! आजच्या भावाने त्या एका कॉइलच्या पैशात एखादा नवा अ‍ॅम्प येईल. मग दुकानात तळहातावर मावणारी "सबवूफर कॉइल" मिळते ती कशी? तार बारीक वापरून. तशा कॉइलचा रोध सहज ३ ओहम भरतो. स्पीकरचा स्वतःचा रोध ६ ओहम धरला, तर अ‍ॅम्पने दिलेल्या पॉवरचा तिसरा हिस्सा त्या कॉइलमध्येच उष्णता होऊन जातो. वर स्पीकरवरची अ‍ॅम्पची पकड सैल होते ती वेगळीच. क्यूईएस हा त्या सैलपणाचा आकडा दीडपट होतो, म्हणजे ठोका संपला तरी कोन झुलतच राहतो. याला आपण कौतुकाने "घुमतोय" म्हणतो. लोखंडी गाभा घातला तर तार वाचते, पण आवाज वाढला की गाभा भरतो आणि फिल्टरचं गणित तिथेच कोलमडतं.

अजून एक गंमत या कॉइलवाल्यांना ठाऊक नसते. "८ ओहम" हा स्पीकरवरचा शिक्का आहे, त्याचा स्वभाव नव्हे. एफएसच्या जवळ त्याच स्पीकरचा रोध २५-३० ओहमपर्यंत चढतो. आणि सबवूफरचा कट-ऑफ नेमका त्याच परिसरात असतो. ८० हर्ट्झला स्पीकर २५ ओहमचा झालेला असेल, तर ती १६ मिलिहेन्रीची कॉइल तिथे ३ डेसिबलऐवजी जेमतेम अर्धा डेसिबल कापते. म्हणजे पैसे फिल्टरचे दिले आणि मिळाली नुसती तार.

या कॉइलवाल्यांचं एक म्हणणं मान्य करतो, एकच: वरच्या पट्टीत कॉइल उत्तम काम करते. वूफर आणि ट्विटर यांच्यामध्ये अडीच हजार हर्ट्झवर कापायचं तर अर्धा मिलिहेन्री पुरतो. लहान, स्वस्त, सुटसुटीत. पण तिथलं शहाणपण ८० हर्ट्झवर आणून चिकटवणं म्हणजे म्हशीचा रोग आणि पखालीला इंजेक्शन.

मग उपाय काय? फिल्टर अ‍ॅम्पच्या आधी लावायचा, सिग्नल अजून मिलिअँपिअरमध्ये असतो तिथे. सबवूफरला स्वतंत्र अ‍ॅम्प द्यायचा आणि त्याच्या तोंडाशी अ‍ॅक्टिव्ह फिल्टर बसवायचा. यासाठी परदेशातून काही मागवायला नको. टीएल०७२ किंवा एनई५५३२ ही एक आयसी, १५ किलोओहमचे चार रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचे सहा कंडेन्सर. आयसीत दोन ऑप-अँप असतात. प्रत्येकाला दोन रेझिस्टर एकापाठोपाठ, दोन कंडेन्सर समांतर जोडून आउटपुटकडून रेझिस्टरांच्या मधल्या सांध्याला आणि तिसरा कंडेन्सर इनपुटपासून ग्राउंडला. कट-ऑफ आला ७५ हर्ट्झ. अशा दोन पायऱ्या एकामागे एक जोडल्या की उतार मिळतो २४ डीबीचा. ही जोडणी सॅलन आणि की या दोघांनी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतून १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे ती कुणा कंपनीचं गुपित नाही, आणि सुटे भाग दोन-तीन कटिंग चहाच्या पैशांत मिळतात. पाच किलो तांब्याच्या पुढे अकरा किरकोळ सुटे भाग ठेवा आणि मग मला सांगा, महागडी हौस कुणाची?

तिसरं विधान कट-ऑफच्या बटणाचं. हे बटण ८० वरून २०० कडे नेलं की आवाज मोठा होतो, यात वादच नाही. पण वाढलं ते काय? १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा वाढला. तो बेस नव्हे, तो धबधबाट. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. ती या बटणाने तसूभरही वाढत नाही. उलट पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सुमारे ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, तो आता सबवूफरमधून यायला लागतो. कुठल्याही मंगल कार्यालयात हे ऐकून घ्या. गुरुजी मंगलाष्टकं म्हणतात स्टेजवर, आणि आवाज येतो जेवणाच्या पंगतीजवळ कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्यातून. "सावधान" यातला "सा" समोरून आणि "धान" पाठीमागून! नवरदेव गोंधळणार नाही तर काय?

८० हर्ट्झ हा आकडा कुणाच्या लहरीने ठरलेला नाही. साधारण या वारंवारतेच्या खाली आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीट ओळखता येत नाही. म्हणूनच सबवूफर खोलीत कुठेही ठेवता येतो आणि तरी गाणं समोरच्या स्पीकरमधून आल्यासारखं वाटतं. टीएचएक्सने चित्रपटांच्या घरगुती संचासाठी ८० हर्ट्झच नेमला तो यामुळेच. कट-ऑफ वर नेला की ही सवलत संपली. समोरचे स्पीकर फारच लहान असतील तर १०० पर्यंत जा, नाइलाज म्हणून १२०. त्यापुढे जावंसं वाटत असेल, तर सबवूफर सोडा आणि समोरचे स्पीकर बदला.

चौथं विधान: उताराने काय फरक पडतो? फिल्टरचा कट-ऑफ म्हणजे भिंत नव्हे, उतरण असते, आणि ती किती तीव्र यावर सगळं अवलंबून असतं. ६ डीबीच्या फिल्टरने ८० ला कापलं तर १६० हर्ट्झ फक्त ७ डेसिबलने उतरतो, ३२० हर्ट्झ १२ डेसिबलने आणि ६४० हर्ट्झ अठरानेच. म्हणजे गायकाचा गळा, तबल्याचा डग्गा, निवेदकाचं "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग" हे सगळं सबवूफरमधून आरामात ऐकू येणार. २४ डीबीच्या फिल्टरने तेच १६० हर्ट्झ सुमारे २४ ने आणि ३२० हर्ट्झ सुमारे ४८ डेसिबलने खाली जातात. हा फरक कानाला कळत नाही म्हणणाऱ्याने फिल्टर ऐकलेलाच नाही, त्याने फक्त विकला आहे.

सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोन अभियंत्यांच्या नावाची फिल्टरची जात १९७६ पासून प्रसिद्ध आहे. तिच्या २४ डीबीच्या रूपात कट-ऑफला सबवूफर आणि समोरचे स्पीकर या दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात, एका तालात असतात आणि बेरीज सपाट येते. मिरवणुकीत ज्या डीबीएक्स २३४ क्रॉसओव्हरचा बोलबाला असतो, त्यातही हीच लिंकविट्झ-रायली २४ डीबीची उतरण असते. म्हणजे आमचे साऊंडवाले भाऊ स्वतःच्या गाडीवर चोवीस डीबी वापरतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "कॉइल टाक, काही फरक पडत नाही." याला काय म्हणायचं?

उताराबरोबर ताल, म्हणजे फेज, येतो. सबवूफरचा लो-पास आणि समोरच्या स्पीकरांचा हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) दोन्ही १२ डीबीचे असले तर कट-ऑफजवळ दोन्ही बाजू एकमेकींच्या बरोबर उलट्या हलतात. एक हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे खेचते. तिथे आवाजात खड्डा पडतो, आणि "बेस आहे पण पंच नाही" ही जी सार्वत्रिक तक्रार, तिचं मूळ अनेकदा याच खड्ड्यात असतं. उपाय फुकट आहे. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ८० हर्ट्झचा स्वर सबवूफर आणि समोरचे स्पीकर अशा दोन्हींतून एकदम वाजवा. बसायच्या जागी बसून ऐका. मग सबवूफरच्या दोन तारा उलटसुलट करून पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज मोठा, ती बरोबर. दोन मिनिटांचं काम, पण नवा अ‍ॅम्प खपवायचा असेल तर ते कोण सांगेल?

पाचवं विधान मोजमापाचं. "आमचे कान आहेत ना, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" कशाला ते सांगतो. खालच्या स्वरांच्या बाबतीत माणसाचा कान अतिशय आळशी आहे. १००० हर्ट्झचा स्वर दोन-अडीच डेसिबलला ऐकू येतो, तर ४० हर्ट्झचा ऐकू यायला सुमारे ५१ डेसिबल लागतात. शिवाय कानाला सहज चकवता येतं. ५० हर्ट्झ वाजवायला निघालेला छोटा स्पीकर मूळ स्वर काढू शकला नाही, तर फरफटत १०० आणि १५० हर्ट्झ काढतो, आणि मेंदू त्यावरून ५० हर्ट्झची कल्पना करून घेतो. म्हणजे स्पीकर कण्हत असतो आणि आपण म्हणतो, "काय बेस आहे!" अशा साक्षीदाराच्या भरवशावर फिल्टर निवडायचा?

मोजणं काही अवघड नाही. १०० ओहमचा, ५ वॅटचा एक रेझिस्टर घ्या. अ‍ॅम्पच्या आउटपुटपासून निघालेल्या तारेत तो घाला आणि पुढे स्पीकर जोडा. स्पीकर खोक्यातून काढून हातात मोकळा धरा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकरच्या दोन टोकांना लावा. मोबाइलमधून २० हर्ट्झपासून एकेक पायरी वर चढा आणि आकडा बघत राहा. तो वाढत जातो, एका जागी शिगेला पोचतो आणि मग उतरायला लागतो. जिथे शिग, तिथे एफएस. हाच प्रयोग बंद खोक्यात बसवून केला की खोक्यासकटचा आकडा कळतो. पोर्टवाल्या खोक्यात दोन शिखरं दिसतात आणि त्यांच्यामधली दरी म्हणजे पोर्टचं ट्यूनिंग. एफएस १००-१२० च्या घरात आला, तर त्या स्पीकरचा सबवूफर होत नाही, मग फिल्टर सोन्याचा लावा. ३०-४० च्या घरात आला, तर पुढे बोलू.

पोर्टवाल्या खोक्याचं नाव निघालं म्हणून एक सांगायला हवं, कारण लो-पासच्या नादात ते कुणीच सांगत नाही. ट्यूनिंगच्या खाली गेलं की पोर्टमधून हवा मोकळी येते-जाते आणि कोनाला आवरायला काही उरत नाही. अशा वेळी ऐकू न येणारा २० हर्ट्झचा एक दणका कॉइल मागच्या प्लेटवर आपटायला पुरतो. म्हणून पोर्टवाल्या सबवूफरला लो-पासइतकाच ट्यूनिंगच्या जरा खाली कापणारा हाय-पास, म्हणजे सबसॉनिक फिल्टर, लागतो. वर सांगितलेल्या ऑप-अँपच्या जोडणीत रेझिस्टर आणि कंडेन्सर यांच्या जागांची अदलाबदल करून किमती नव्याने काढल्या की तोच तयार होतो.

खोलीचं तर कुणी नावच काढत नाही. सिडकोतल्या घराची दहा बाय बाराची खोली घ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या अंतरामुळे दहा फुटांच्या दिशेला सुमारे ५७ हर्ट्झ आणि बारा फुटांच्या दिशेला सुमारे ४७ हर्ट्झ हे स्वर फुगतात. स्लॅबही दहा फुटांवर असेल, तर ५७ ला दुहेरी जोर. मग प्रत्येक गाण्यात तोच एक स्वर गरगरतो आणि दोष मात्र फिल्टरला. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे आणि त्याकडे कुणी बघतच नाही! खोकं कोपऱ्यातून तीन-चार फूट सरकवून पाहा. नवा बोर्ड घेण्याआधी हे करायला काय जातं?

आता शेवटचं विधान, सगळ्यांत उर्मट: "नुसत्या बेसचा कुणाला त्रास?" राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून विसर्जनाची मिरवणूक निघते आणि सिटी चौक, गुलमंडीच्या अरुंद रस्त्यांवर येते, तेव्हा त्या रस्त्यांवरच्या घरांत खिडक्या लावून बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. खिडकी लावल्याने माईकवरचं ओरडणं कमी होतं. बेस कमी होत नाही. स्वर एक सप्तक खाली उतरला, की भिंत तो साधारण ६ डेसिबलने कमी अडवते. ४५ हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेसात मीटरच्या पुढे असते. तिला खिडकीची काच म्हणजे काय!

आणि कायद्याचं मीटरही याच बेसपुढे आंधळं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, पण हे डेसिबल ए-भारित आहेत. ए-भार ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलची सूट देतो. म्हणजे ५० हर्ट्झचा स्वर ९० डेसिबलने छातीत बसत असला, तरी मीटरवर तो ६० च्या आसपास दिसतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे, आणि २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरच्या बंदीत अंतरिम सवलत द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. हे सगळं होऊनही "नुसता बेस आहे हो" ही पळवाट शिल्लकच आहे. मीटरला दिसत नाही म्हणून शेजाऱ्याला त्रास होत नाही, हा कुठला न्याय? ज्याला फिल्टर निवडता येतो, त्याला खोकं कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायचं आणि कधी बंद करायचं, हेही कळायला हवं. नाही कळत, तर त्याने साऊंडचा धंदा करू नये.

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "एवढं कोण करत बसणार? गिऱ्हाइकाला स्वस्तात हवं असतं." स्वस्त म्हणजे काय, हे वर मोजून झालं. महाग पडते ती जळालेली व्हॉइस कॉइल, महाग पडतं चुकीच्या मापाचं प्लायवूडचं खोकं, महाग पडतो दर दिवाळीला बदललेला बोर्ड. आणि या तिन्ही गोष्टी कोण विकतं, हे वाचकाला वेगळं सांगायला नको.

म्हणून पुन्हा, आणि शेवटचं. लो-पास फिल्टर सबवूफर बनवत नाही. सबवूफर बनतो कमी एफएसच्या, भरपूर हालचाल झेपणाऱ्या स्पीकरचा आणि त्याच्याच आकड्यांवरून कापलेल्या खोक्याचा. फिल्टरची पाळी सगळ्यांत शेवटी येते, आणि आली की तो अ‍ॅक्टिव्ह हवा, स्वतंत्र अ‍ॅम्पच्या आधी हवा, ८० हर्ट्झच्या आसपास हवा आणि २४ डीबीच्या उताराचा हवा. पोर्ट असेल तर खाली सबसॉनिक हवाच. हा क्रम उलटा करणारा माणूस दुकानदार असो, साऊंडवाला असो की इंजिनिअर, तो अंदाजपंचे दाहोदरसे करतो आहे.

पुढच्या वेळी कुणी काउंटरवर तुमच्यासमोर कॉइल ठेवून "ही लावा, सबवूफर झाला" म्हणालं, तर एवढंच विचारा: "या स्पीकरचा एफएस किती?" उत्तर आकड्यात आलं तर बसून चहा घ्या आणि पुढचं बोला. उत्तर "भारी वाजतो, साहेब" असं आलं, तर पाकीट खिशातच ठेवून बाहेर पडा.